शब्दचर्चा: ‘सापेक्ष फरक’, ‘टक्का’ आणि ‘पट’

प्रश्न

दोन गटांतल्या प्रमाणांची तुलना करणारा एक अहवाल मराठीत लिहितो आहे आणि एका वाक्यापाशी अडलो आहे. एकाच स्मरणपत्राचे दोन मसुदे होते. जुना १००० जणांना पाठवला, १०० जणांनी उत्तर दिलं. नवा दुसऱ्या १००० जणांना पाठवला, १३० उत्तरं आली. म्हणजे १० टक्के आणि १३ टक्के. मी लिहिलं, ‘उत्तरं ३ टक्क्यांनी वाढली.’ सहकारी म्हणाली, ‘अहो, ३० टक्क्यांनी वाढली.’ बोलायला दोन्ही वाक्यं चालतात, आणि वाचणाऱ्याला कोणतं धरायचं ते कळत नाही.

शिवाय त्या ३० टक्क्यांचा ९५ टक्के विश्वास अंतराल द्यायचा आहे, म्हणजे नमुन्यातली अनिश्चितता धरून एका आकड्याऐवजी दोन टोकं. मी साध्या वजाबाकीचा अंतराल काढला, तो ०.००२ ते ०.०५८ आला. मग दोन्ही टोकांना जुन्या प्रमाणाने, ०.१० ने भागलं आणि ‘२ ते ५८ टक्के’ असं लिहिलं. सहकारी म्हणते, हेही चूक. ‘सापेक्ष फरक’ हा शब्द इथे बरोबर आहे का? याहून सोपा शब्द आहे का?

उत्तर

‘सापेक्ष’ बरोबरच आहे, पण तो जरा उघडून पाहा. स + अपेक्षा. आपण दिवसभर वापरतो तो ‘पेक्षा’ याच ‘अपेक्षा’तून आलेला आहे. म्हणजे सापेक्ष फरक हा ‘पेक्षा’ लावून सांगायचा फरक झाला. यातून एक फार उपयोगी खूण मिळते: वाक्यात ‘पेक्षा’ ज्याला चिकटतो तोच गणितात छेदात जातो. ‘नव्या मसुद्याला जुन्यापेक्षा ३० टक्के जास्त उत्तरं’, इथे छेदात जुना, ३ भागिले १०. ‘जुन्या मसुद्याला नव्यापेक्षा २३ टक्के कमी उत्तरं’, इथे छेदात नवा, ३ भागिले १३. आकडे तेच, फरक वेगळा. म्हणून ‘३० टक्के वाढ’ एवढंच लिहून थांबू नका. कशापेक्षा ते लिहाच.

तुमच्या ‘३ टक्क्यांनी’ या वाक्यासाठी मराठीत एक सुंदर सोय आहे, ती म्हणजे एकवचनी ‘टक्का’. ‘मतदानाचा टक्का घसरला’ असं आपण म्हणतो तेव्हा टक्का म्हणजे ते प्रमाणच असतं. तेव्हा ‘उत्तरांचा टक्का १० वरून १३ वर गेला’ असं लिहा. ‘टक्केबिंदू’ (दोन टक्क्यांची सरळ वजाबाकी, इथे ३) हा शब्दही अचूक आहे आणि तक्त्याच्या मथळ्यात मी तोच वापरतो. पण वाक्यात ‘वरून… वर’ ही जोडी असली की कुणाचाच गोंधळ होत नाही, कारण दोन्ही आकडे डोळ्यांसमोर राहतात.

आणखी एक उत्तर

एक भर घालते. ‘प्रमाण’ हा शब्द या विषयात सांभाळून वापरावा. शाळेत ‘गुणोत्तर आणि प्रमाण’ शिकलो तेव्हा प्रमाण म्हणजे दोन गुणोत्तरांची समानता होती. संख्याशास्त्रात तोच शब्द एकूणापैकी किती, या अर्थाने येतो. आणि ‘प्रमाण विचलन’, ‘प्रमाण त्रुटी’ यांत तो ‘प्रमाण भाषा’तल्यासारखा, मानक या अर्थाने. ‘प्रमाणाची प्रमाण त्रुटी’ हे माझ्याच हातून एकदा लिहून झालं होतं. वाक्य शुद्ध होतं, पण विद्यार्थी पार गोंधळला. तेव्हापासून मी ‘मानक त्रुटी’ (नमुना बदलला की अंदाज साधारण किती हलेल तो आकडा) म्हणते आणि ‘प्रमाण’ फक्त एकूणापैकी किती, यासाठी राखून ठेवते.

आता मूळ गणित. तुमचं ‘२ ते ५८’ का चूक? तुम्ही ०.१० ने भागलंत ते तो आकडा पक्का असल्यासारखं धरून. पण १० टक्के हाही १००० जणांच्या नमुन्यातूनच आलेला अंदाज आहे, त्यालाही त्याची मानक त्रुटी आहे. छेद स्वतः डळमळतो आणि तुमच्या हिशेबात तो दगडासारखा स्थिर आहे. जुन्या मसुद्याचं खरं प्रमाण १० नसून ९ किंवा ११ असलं, तर अंश आणि छेद दोन्ही एकदम हलतात.

यावर मला सर्वांत आवडणारा शब्द आपल्या पाढ्यांतला आहे: पट. नव्याची उत्तरं जुन्याच्या १.३ पट. सापेक्ष फरक म्हणजे ही पट वजा १, दुसरं काही नाही. म्हणून आधी पटीचा अंतराल काढायचा आणि अगदी शेवटी दोन्ही टोकांतून १ वजा करायचा. अहवालात ‘पटीतला फरक’ आणि ‘वजाबाकीतला फरक’ अशी जोडी केलीत, तर कोणता हिशेब कुठे केला हे नावातच दिसेल.

पटीचा हिशेब लॉगॅरिदमवर करतात, कारण तिथे गुणाकार-भागाकाराची बेरीज-वजाबाकी होते. १९७८ साली काट्झ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही रीत आजही सर्रास वापरतात. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवते. प्रत्येक गटासाठी ‘१ भागिले उत्तरं, वजा १ भागिले एकूण’. नव्याचं ०.००७६९ वजा ०.००१, जुन्याचं ०.०१ वजा ०.००१. दोन्हींची बेरीज ०.०१५६९, वर्गमूळ ०.१२५३. ही पटीच्या नैसर्गिक लॉगॅरिदमची मानक त्रुटी. तिला १.९६ ने (९५ टक्क्यांसाठीचा ठरलेला गुणक) गुणलं की ०.२४५५. लॉगॅरिदममधून परत आलो की हा आकडा १.२८ होतो. आता १.३ ला १.२८ ने एकदा गुणा, एकदा भागा: १.६६ आणि १.०२. दोन्हींतून १ वजा. म्हणजे पटीतला फरक सुमारे २ टक्क्यांपासून ६६ टक्क्यांपर्यंत.

खालचं टोक तुमच्याजवळच आलं, वरचं मात्र ५८ चं ६६ झालं. शिवाय ३० हा आकडा अंतरालाच्या मधोमध नाही. म्हणून इथे ‘३० अधिक-उणे अमुक’ असं लिहिता येत नाही. अधिक-उणे हे वजाबाकीतल्या फरकाचं चिन्ह. पटीला ‘गुणिले-भागिले’ म्हणावं लागेल: १.३, गुणिले-भागिले १.२८.

प्रश्नकर्ता

‘पेक्षा’ची खूण आणि ‘गुणिले-भागिले’ दोन्ही वहीत उतरवून घेतलं. एका ठिकाणी अडलो. मी याच पटीवर लॉगॅरिदम न घेता सरळ मानक त्रुटी लावून पाहिली, १.३ गुणिले ०.१२५३. अंतराल उणे १.९ ते अधिक ६१.९ टक्के आला. यात शून्य, म्हणजे ‘काहीच फरक नाही’, आहे; तुमच्या अंतरालात नाही. मग वाढ झाली की नाही?

आणखी एक उत्तर

हे तुम्ही करून पाहिलंत याचा फार आनंद झाला, कारण इथेच लोक आपल्याला हवं ते उत्तर देणारी रीत निवडतात. पट शून्याच्या खाली जाऊच शकत नाही आणि तिचं वितरण उजवीकडे लांबत जातं. सरळ अधिक-उणे लावलं की हा कल हरवतो, दोन्ही टोकं डावीकडे सरकतात. लॉगॅरिदमवर दोन्ही बाजू बऱ्याच सारख्या होतात. आणखी एक कसोटी आहे. जुना आणि नवा यांची अदलाबदल करा. लॉगॅरिदमच्या रीतीत टोकं फक्त व्यस्त होतात, १.०२ चं ०.९८ आणि १.६६ चं ०.६०. सरळ रीतीत तसं होत नाही, म्हणजे कुणाला ‘पेक्षा’ लावलात यावर निष्कर्ष अवलंबून राहतो. ते मला अजिबात मान्य नाही. रीत आकडे पाहण्याआधी ठरवा आणि अहवालात तिचं नाव द्या.

बाकी इथे खालचं टोक शून्याला इतकं जवळ आहे की ‘वाढ झाली’ एवढं ठणकावून लिहूच नये. हेच प्रमाण १०० पैकी १० आणि १०० पैकी १३ असतं, तरी पट १.३ च राहिली असती, आणि पटीतला फरक उणे ४० ते अधिक १८३ टक्के आला असता! ‘३० टक्के वाढ’ हे शब्द दोन्हीकडे तेच. अंतराल दिला नाही तर हा फरक वाचकाला कधीच कळणार नाही.

उत्तरं अगदी कमी असली तर ही रीत ढिली पडते. त्या वेळी मी मिएत्तिनेन आणि नूर्मिनेन यांची १९८५ ची रीत घेते. हाताने करायला ती किचकट आहे, संगणकावर होते. आणि जुन्या गटात एकही उत्तर नसेल तर पट निघतच नाही, छेदात शून्य. तिथे हट्ट न करता वजाबाकीतला फरक द्यावा.

उत्तर

‘विश्वास’बद्दल राहिलं. काही जण ‘९५ टक्के खात्रीने’ असं लिहितात. मी लिहीत नाही. खात्री ही समोरच्या या एका अंतरालाबद्दल बोलते. संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांनी १९३७ च्या निबंधात मांडलेला अर्थ पद्धतीबद्दल आहे: असेच नमुने पुन्हापुन्हा घेतले, दर वेळी अंतराल काढला, तर १०० पैकी साधारण ९५ अंतरालांत खरी किंमत सापडेल. हा पद्धतीवरचा भरवसा आहे. ‘विश्वास’ या शब्दात दोन्ही अर्थ मावतात, म्हणून एकदा तळटीप द्यावी आणि तोच शब्द शेवटपर्यंत ठेवावा.

प्रश्नकर्ता

वाक्य असं केलं आहे: ‘उत्तरांचा टक्का १० वरून १३ वर गेला. नव्या मसुद्याला जुन्यापेक्षा ३० टक्के जास्त उत्तरं मिळाली. ९५ टक्के विश्वास अंतरालानुसार ही वाढ किमान २ आणि कमाल ६६ टक्के आहे.’ चालेल?

उत्तर

पहिली दोन वाक्यं उत्तम. तिसऱ्यातले ‘किमान’ आणि ‘कमाल’ काढा. त्याने टोकांपलीकडे काही शक्यच नाही असं वाटतं, आणि २ पेक्षा ३० आकड्यांशी कितीतरी जास्त जुळतो हेही झाकलं जातं. ‘९५ टक्के विश्वास अंतराल २ पासून ६६ टक्क्यांपर्यंत’ एवढंच लिहा.