गोराईच्या कातळावर पाईन जगेल का?

खारावारा:

नमस्कार मंडळी,

आमचं घर गोराईला, गावाच्या जरा वरच्या अंगाला. मागे दोनेक गुंठे मोकळी जागा आहे. वर वीतभर मुरूम, खाली कातळ. पश्चिमेकडून आडोसा काहीच नाही, त्यामुळे वारा सुटला की वाळत घातलेले कपडेही खारट होतात. विहीर आहे, पण एप्रिलनंतर पाणी मचूळ लागतं. दिवाळीपासून पाऊस पडेपर्यंत जागा नुसती भाजून निघते. जास्वंद, अबोली, लिंबू लावून झालं, तग धरला तो कोरफडीने.

मला तिथे पाईन लावायचा आहे. धाकटा भाऊ देहरादूनला असतो, त्याने चीडचे, म्हणजे तिकडच्या हिमालयातल्या पाईनचे, शंकू पाठवलेत, आत बिया आहेत. शिवाय आलेप्पो पाईनबद्दल वाचलं: भूमध्य समुद्राच्या काठी, खडकावर, खाऱ्या वाऱ्यात, अगदी थोड्या पाण्यावर वाढतो म्हणे. वाचताना वाटलं, हे आमच्याच परसाबद्दल लिहिलंय. त्याचं बी बाहेरून मागवावं का? नर्सरीवाला म्हणतो, कशाला एवढी यातायात, ख्रिसमस ट्री न्या, तोही पाईनच. सासूबाई म्हणतात, सुरू लाव आणि मोकळी हो.

सावली, फळं यांची अपेक्षा नाही. पाईनमधून वारा जाताना जो आवाज येतो, तो मला घरामागे हवा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

बोरिवलीकर:

सासूबाईंना +१. आवाजच हवा असेल तर सुरूइतका आवाज पाईनही करत नाही. अक्सा नाहीतर किहीमच्या बनात संध्याकाळी उभं राहून बघा. खारं वारं, वाळू, नापीक जमीन, सगळं चालतं. मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो, म्हणून खतही फारसं लागत नाही. फक्त घरापासून लांब लावा. २०२०च्या निसर्ग वादळात दिवेआगरला सुरूची बनं आडवी झाली होती. आणि जागा नीट विचार करून ठरवा, कारण मुंबईत झाड मोठं झाल्यावर तोडायचं तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढावी लागते.

कुंडीतलीबाग:

नर्सरीतला ख्रिसमस ट्री म्हणजे अरोकेरिया, पाईनच्या कुळातला नव्हे. मूळचा प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा, त्यामुळे खारं वारं सोसतो. वाईट झाड नाही, पण सरळ खांबासारखं उंच जातं आणि तुम्हाला हवा तो आवाज काही देत नाही.

रानवाट:

ताई, माझी नोकरीची बरीच वर्षं देहरादूनकडच्या रोपवाटिकांमध्ये गेली आणि चीड हे माझं फार जिव्हाळ्याचं झाड. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आलेप्पोचा नाद सोडा. तो दुष्काळ सोसतो हे खरंच आहे. पण त्याच्या मुलखात वर्षाला साधारण ३५० ते ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे त्याच्या अख्ख्या वर्षाहून जास्त. एरवीही चार महिन्यांत दोन हजारांच्या वर. गरम, चिंब मातीत त्याची मुळं कुजतील. झाड किती कमी पाण्यावर जगतं हे सगळे विचारतात, ते पाणी कोणत्या ऋतूत येतं हे कोणी विचारत नाही. शिवाय परदेशी बियाण्याला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो.

चीडचं गणित वेगळं आहे. तो हिमालयाच्या पायथ्याशी, साधारण ४५० मीटर उंचीपासून सुरू होतो. तिथे जुलै ते सप्टेंबर मॉन्सून झोडपतो आणि नंतर मे-जूनपर्यंत कोरडं, वर कडक ऊन. पावसाचं वेळापत्रक बरंचसं आपल्यासारखंच. फरक दोन. त्याला हिवाळ्याची थंडी मिळते, ती गोराईत मिळणार नाही, त्यामुळे डोंगरातला तीस मीटरचा चीड विसरा, वाढ हळू होईल. आणि तो उतारावर उभा असतो, पाणी पायाशी थांबत नाही. थंडी तुमच्या हातात नाही, पाण्याचा निचरा आहे.

म्हणूनच कातळात तीन फुटांचा खड्डा खणून लाल माती आणि शेणखत भरू नका. असा खड्डा म्हणजे जुलैत भरलेला रांजण. या पावसाळ्यात एक परीक्षा करा: हातभर खड्डा घ्या, मोठा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या सकाळी बघा. पाणी दिसलं तर ती जागा बाद. उताराच्या बाजूने पहारीने कातळाला भेग पाडून पाण्याला वाट करून देता आली तर उत्तम. नाहीतर खणूच नका. मुरूम आणि जाड वाळूचा गुडघाभर उंचवटा करा, त्यावर रोप लावा. शेणखत अजिबात नको, पाईनला हलकी माती मानवते.

बिया रात्रभर भिजवा, तळाशी जाऊन बसतील त्या घ्या. उंच, अरुंद पिशव्यांत पेरा, कारण चीडचं सोटमूळ आधी खोल जातं आणि बुटक्या कुंडीत ते गोल फिरतं. एकदा फिरलेलं मूळ वाऱ्यात झाडाला धरून ठेवत नाही. कोंब वर येतो तेव्हा बारीक सुयांचं एक वर्तुळ दिसतं आणि त्यांच्या टोकांवर बियाचं टरफल अडकलेलं असतं. ते ओढू नका, आपोआप पडतं. पहिल्या सुया एकेकट्या आणि निळसर येतात, तीन-तीनच्या लांब जुडग्या पुढे. या दिवसांत रोपं मरतात ती तहानेने कमी आणि मर रोगाने जास्त. माती वरून सुकल्याशिवाय पाणी देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भावाला सांगा, जुन्या चीडखालची ओंजळभर माती पाठव. पाईनच्या मुळांवर एक बुरशी राहते, ती मुळांना स्फुरद आणि पाणी मिळवून देते. आपल्या मातीत ती असेल या भरवशावर राहू नका. आफ्रिकेत पाईन नव्याने नेले तेव्हा रोपं पिवळी पडून खुरटत होती, पाईनखालची माती मिसळल्यावर ती धरली. प्रत्येक पिशवीत चिमूटभर पुरे.

लावणी जूनमध्ये करू नका, सगळे करतात तरी. सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरताना करा, म्हणजे ओल असते पण पाणी तुंबत नाही. रोप वीतभरच असू दे, उघड्यावर लहान रोप मोठ्यापेक्षा लवकर रुळतं. दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर पाणी द्या, आणि ते विहिरीचं मचूळ पाणी नको. बुंध्याभोवती नारळाची सोडणं पसरा, खोडाला टेकू देऊ नका. काठीला काथ्याने सैल बांधा, झाड थोडं हललं तरच बुंधा जाड होतो.

पण हा खारा वारा चीडला सोसणार नाही, सुयांची टोकं करपतील. म्हणून पश्चिमेला आधी उंडी, करंज आणि सुरू अशी रांग लावा आणि चीड तिच्या आडोशाला. सासूबाईंचंही ऐकल्यासारखं होईल. वाळक्या सुयांत राळ असते, उन्हाळ्यात झटकन पेट घेतात. म्हणून भिंतीपासून लांब लावा आणि खालचा पाचोळा झाडत राहा.

खारावारा:

काका, मनापासून आभार. भावाला मातीचं सांगितलं. दोन शंका. सुरूची रांग वर यायला वेळ लागेल, तोवर चीडचं काय? आणि घराच्या पूर्वेला, पायऱ्यांशेजारी कातळाला आधीच एक फट आहे. पावसात तिथून पाणी वाहून जातं, साचत नाही. ती जागा चालेल?

रानवाट:

तीच जागा घ्या. पूर्वेला घराचाच आडोसा मिळेल, पायऱ्या आणि भिंतीपासून मात्र पाच-सहा मीटर तरी सोडा. फटीच्या तोंडावर मुरुमाचा उंचवटा करा, फट बुजवू नका. रांग या पावसाळ्यात लावून टाका, उंडी आणि करंजाला जून चालतो. चीड तोवर पिशवीतच राहू दे, पिशवी आणखी उंच घ्या. रांग कमरेइतकी झाली की मग लावा. पेरताना एका बीवर भिस्त नको, दहा-बारा पिशव्या भरा.