तक्ता ६/६, तरी ओसीटीत नस पातळ?

काजवा: एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस) मायलिन, म्हणजे नसतंतूंवरचं आवरण, झडतं. पण डोळ्याच्या पडद्यात मायलिन नसतंच. मग ऑप्टिक न्यूरायटिसनंतर (डोळ्याच्या नसेचा दाह) ओसीटीत, म्हणजे थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, पडद्याचे थर पातळ का दिसतात? झटक्यानंतर आठवड्याने आरएनएफएल (पडद्यातला नसतंतूंचा थर) १२० मायक्रॉन, सहा महिन्यांनी ७८. चांगल्या डोळ्यात ९६. तक्ता मात्र दोन्ही डोळ्यांनी ६/६. ४२ मायक्रॉन खरंच गेले का?

आडवाछेद: ४२ नाही, साधारण १८. झटक्यात नस सुजते, त्यामुळे १२० हा फुगलेला आकडा आहे. तो पाया धरला की हिशेब चुकतोच. तुलना चांगल्या डोळ्याशी करा.

आता मूळ प्रश्न. मायलिन सुरू होतं लॅमिना क्रिब्रोसाच्या (नस नेत्रगोलातून बाहेर पडते तिथली जाळी) मागे, हे बरोबर. पण नसेतल्या प्रत्येक तंतूची मूळ पेशी पडद्याच्या गँग्लियन थरात असते. मागे दाहात तंतू तुटला की मर उलटी पडद्याकडे येते आणि शेवटी पेशीही जाते. म्हणजे ओसीटीत दिसते ती तंतूंची तूट, मायलिनची नव्हे. मायलिन गेल्याने संदेश किती रेंगाळतो ते व्हीईपीत (डोळ्याला चित्र दाखवून मेंदूतली लाट मोजणारी चाचणी) कळतं: पी१०० ची लाट उशिरा येते, आणि नजर सुधारल्यावरही बहुधा तशीच राहते.

आरएनएफएलपेक्षा जीसीआयपीएल, म्हणजे गँग्लियन पेशींचा आणि त्यालगतचा थर, बघा. तो थर सुजेने फारसा फुगत नाही आणि महिना-दीड महिन्यात खरी झीज दाखवतो. दोन डोळ्यांत ४ मायक्रॉनचा फरकही जुन्या झटक्याकडे बोट दाखवतो. स्कॅन मात्र त्याच कंपनीच्या मशीनवर हवेत. थरांच्या सीमा प्रत्येक मशीन वेगळ्या आखतं.

मंदप्रकाश: ६/६ म्हणजे पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं वाचली, एवढंच. २.५ टक्के कॉन्ट्रास्टचा तक्ता लावा, तिथे तोच डोळा अडखळेल. लाल झाकण एकेका डोळ्याने दाखवा. आजारी डोळ्याला ते विटकं दिसतं. मग अंधाऱ्या खोलीत, नजर दूर ठेवून, टॉर्च दोन-तीन सेकंदांनी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर न्या. आजारी डोळ्यावर प्रकाश येताच बाहुली आकुंचन पावण्याऐवजी पसरते. हे सगळं बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी! दोन्ही नसा सारख्याच बाधित असतील तर ही खूण सापडत नाही, हे विसरू नका.

काजवा: जीसीआयपीएल ६९ आणि ८३. झटक्यात ऑप्थॅल्मोस्कोपने नसेचं टोक साफ दिसलं होतं, म्हणून शंका होती.

आडवाछेद: १४ चा फरक, शंकेला जागा नाही. सुमारे दोन तृतीयांश झटक्यांत दाह नेत्रगोलाच्या मागे असतो आणि टोक नॉर्मल दिसतं. डोळा हलवताना दुखणं हीच तिथे मोठी खूण.

मंदप्रकाश: एक भर. नजर प्रकाशही न कळण्याइतकी गेली, दोन्ही डोळे एकदम बसले किंवा महिनाभरात सुधारणाच नाही, तर एमएस गृहीत धरू नका. रक्तात एक्यूपी४ आणि मॉग अँटिबॉडी (एमएससारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या आजारांच्या खुणा) तपासा. एक्यूपी४ निघाली तर एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, उलटतात.