व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल ही फाइल सापडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या घरच्या संगणकावर विंडोज ११ आहे. चार दिवसांपासून छायाचित्रांचा संग्रह सांभाळणारा एक प्रोग्रॅम उघडेनासा झाला आहे. चिन्हावर दोनदा क्लिक केले की लाल फुलीची छोटी चौकट येते आणि व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल ही फाइल न सापडल्यामुळे काम पुढे चालू शकत नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करून पाहावा, अशा अर्थाचा संदेश दिसतो. तसे करण्याचे धाडस मात्र मी केलेले नाही, कारण अकरा वर्षांच्या छायाचित्रांना दिलेली नावे आणि नोंदी त्याच प्रोग्रॅमच्या माहितीसाठ्यात आहेत आणि त्यांचा बॅकअप माझ्याकडे नाही.

आतापर्यंत केलेले उपाय सांगतो. प्रथम एका अनोळखी संकेतस्थळावरून ही एकच फाइल डाउनलोड करून सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ठेवली. तेव्हापासून जुना संदेश जाऊन ०एक्ससी०००००७बी हा त्रुटी क्रमांक येऊ लागला. नंतर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी विंडोजची दुरुस्ती करणाऱ्या डिझम या साधनाची आज्ञा आणि मग सिस्टिम फाइली तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा चालवली. डिझमचे काम यशस्वी झाले, आणि एसएफसीने शंभर टक्के तपासणीनंतर सिस्टिम फाइलींमध्ये कोणताही दोष आढळला नाही असे कळवले. फाइल नाही म्हणून प्रोग्रॅम अडतो आणि तपासणीत सारे ठीक दिसते, हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, हे मला उमगत नाही. गेल्या आठवड्यात डिस्कवर जागा करण्यासाठी मी काही अनोळखी प्रोग्रॅम काढून टाकले होते, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

प्रतिसाद

संबंध नक्कीच दिसतो. एसएफसी फक्त विंडोजच्या स्वतःच्या, संरक्षित फाइली तपासते. सिस्टिम३२मध्ये राहत असली तरी ही फाइल त्यांपैकी नाही. ती व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल या संचाबरोबर येते आणि सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेले असंख्य प्रोग्रॅम तिच्यावर चालतात. त्यामुळे ती गेली तरी एसएफसीच्या दृष्टीने काहीच हरवलेले नसते.

नवा त्रुटी क्रमांक बहुधा तुम्ही ठेवलेल्या फाइलमुळे आला आहे. ६४ बिट प्रोग्रॅमला ३२ बिट फाइल मिळाली की नेमका हाच क्रमांक येतो. नावांमुळे येथे अनेकांची फसगत होते, कारण ६४ बिट विंडोजमध्ये ६४ बिट फाइली सिस्टिम३२मध्ये असतात आणि ३२ बिट फाइली सिसवॉव६४मध्ये. शिवाय अनोळखी ठिकाणची डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमांना लागणाऱ्या कोडची फाइल, घेणे म्हणजे परका कोड आपण होऊन घरात घेणे आहे, म्हणून ती फाइल आधी काढून टाका आणि अँटीव्हायरसची पूर्ण तपासणी करा.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून या संचाची एक्स६४ (६४ बिट) आणि एक्स८६ (३२ बिट) ही दोन्ही रूपे घेऊन इन्स्टॉल करा आणि संगणक रीस्टार्ट करा. संगणक ६४ बिट असला तरी ३२ बिट प्रोग्रॅमांना एक्स८६ रूपच लागते. संच आधीपासून असेल, तर इन्स्टॉल करतानाच्या खिडकीत ‘रिपेअर’ निवडा. या साऱ्यात तुमच्या माहितीसाठ्याला हात लागत नाही. तरीही, आधी त्याच्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर करून ठेवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. आधी प्रत काढली, मग ती फाइल हटवली. अँटीव्हायरसला काही सापडले नाही. प्रोग्रॅमांच्या यादीत पाहिले, तर व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० आणि २०१३ च्या नोंदी होत्या, परंतु २०१५ नंतरची एकही नव्हती. एकाच नावाच्या ओळीखाली ओळी आणि फरक फक्त सालाचा व एक्स६४, एक्स८६ या अक्षरांचा, म्हणून २०१५ नंतरच्या नोंदी दुबार समजून मीच काढल्या होत्या. दोन्ही रूपे इन्स्टॉल करून रीस्टार्ट केल्यावर प्रोग्रॅम पहिल्याच क्लिकला उघडला आणि सर्व नोंदी जागच्या जागी आहेत. २०१० आणि २०१३ च्या नोंदी आता निरुपयोगी समजून काढाव्यात का?

प्रतिसाद

काढू नका. २०१५ पासूनच्या आवृत्त्यांचा संच एकच असला, तरी २०१० आणि २०१३ चे संच स्वतंत्र आहेत आणि त्या काळातले प्रोग्रॅम आपापल्या सालाचीच फाइल मागतात.