सोयाच्या लाडवात जीएम (जनुक बदललेलं) सोयाबीन आहे का, हे कसं तपासायचं?

लाडूघर_इंदूर:
लोकमान्य नगरात राहते, नऊ वर्षं सोयाचे लाडू करून विकते. दाणे छावणी मंडीतले, जेएस ९५६० वाणाचे. उकळून, वाळवून, भाजून घरच्या चक्कीवर दळते. गेल्या वर्षी प्रोटीन जास्त हवं म्हणून सियागंजातून परदेशी सोया प्रोटीन पावडर आणून मिसळायला लागले. आता पुण्याच्या एक ताई म्हणतात, "जीएम नाही, असं लिहून द्या." पट्टीची टेस्ट मागवून लाडवाच्या चुऱ्यावर केली. एकच रेघ आली, म्हणजे जीएम नाही. पण मन मानत नाही. लहान मुलं खातात हे लाडू. खात्री नसताना सही कशी करू?

जुना_लॅबवाला:
ताई, सही करू नका. पट्टी प्रथिन ओळखते आणि ते भाजताना बिघडतं. ती कच्च्या दाण्यांसाठी आहे. तुम्हाला पीसीआर लागेल, तो डीएनए शोधतो. उष्णतेने डीएनएही तुटतो, पण छोटे तुकडे उरतात. रिपोर्टमध्ये आधी लेक्टिन बघा, तो सोयाबीनचा स्वतःचा जनुक. तोच सापडला नसेल, तर नमुन्यात तपासण्याजोगं काही नव्हतंच, मग 'आढळले नाही' या शब्दांना किंमत नाही. आणि लॅबला फक्त ३५एस व नॉस, म्हणजे बऱ्याच जीएम पिकांत घातलेले डीएनएचे दोन तुकडे, बघून थांबू देऊ नका. अमेरिकेत १९९६ साली पेरणीला आलेल्या पहिल्या राउंडअप रेडी (तणनाशक सोसणाऱ्या जीएम) सोयाबीनमध्ये हे दोन्ही आहेत, नंतरच्या मॉन ८९७८८ या जीएम सोयाबीनमध्ये एकही नाही. तो सहज निसटतो. त्याची वेगळी चाचणी मागा.

माळव्याचा_शेतकरी:
दाण्यांची मला तेवढी काळजी नाही, आपल्याकडे जीएम सोयाबीन पेरायला परवानगीच नाही. पावडरचं बघा. लाडवात सोयातेल घालता का? अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं तेल बहुतेक जीएम बियांचंच असतं, आणि रिफाइंड झाल्यावर त्यात डीएनए जवळपास उरत नाही. तिथे लॅबही काही सांगू शकणार नाही.

लाडूघर_इंदूर:
नाही दादा, साजूक तूपच. पावडर लाडवात दहावा हिस्सासुद्धा नाही, मग प्रमाण आपोआप कमी धरतात का?

जुना_लॅबवाला:
नाही. लेबलवर जीएम लिहिण्यासाठी युरोपात ०.९ टक्के मर्यादा आहे, आपल्या जीएम अन्नाच्या नियमांच्या २०२१ च्या मसुद्यात १ टक्का. दोन्हीकडे ती एकेका घटकापुरती मोजतात, अख्ख्या लाडवावर नाही. त्यामुळे पावडर वेगळी पाठवा, दाणे वेगळे.

लाडूघर_इंदूर:
उद्याच दोन पाकिटं करते. पावडर आजपासून बंद, रिपोर्ट येईपर्यंत नुसत्या दाण्यांचे लाडू. पुण्याच्या ताईंना तसं कळवलंय.