डिझेलवर १० रुपये जादा कर लावल्याने बचत होते?

नदीकाठ: "लिटरला १० रुपये कर वाढवा, लोक आपोआप जपून वापरतील" हे वाचलं आणि राहवलं नाही. मे २०२० आठवा. केंद्राने अबकारी कर पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवला. कच्चं तेल गडगडलेलं, म्हणून त्या वाढीने पंपावरचा दर हलला नाही. मग जपून वापरायचं कोणाला सुचणार? तिजोरी भरायची असेल तर तसं सांगा.

गाडीतळ: दर उतरायचा तो थांबला, हे विसरताय. आणि हिशोब करा. एसटी लिटरला साडेचार किलोमीटर, प्रवासी ४०. कार लिटरला १५, आत एकटा. लिटरला १० रुपये कर धरला तर १०० किलोमीटरला एसटीतल्या एका प्रवाशाला साडेपाच रुपये पडतात, कारवाल्याला सुमारे ६७. यात अन्याय कुठे?

नदीकाठ: गाडी अर्धी रिकामी असली की तुमचे साडेपाच अकरा होतात. आणि नदीवर डिझेल इंजिन लावणाऱ्याचं काय? दिवसा वीज नाही, पीक वाळतंय. त्याने काय वाचवायचं?

पाणीउपसा: बरंच वाचवता येतं. पाइपलाइन लांब असेल तर २ इंचीऐवजी अडीच इंची घाला, तेवढ्याच पाण्याला घर्षण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाण्यातल्या पाइपच्या टोकाला असलेल्या झडपेच्या, जाळीत शेवाळ अडकलं की पाणी कमी येतं आणि इंजिन तासभर जास्त चालतं. सक्शनचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचा, जोड हवा ओढत असेल तर पंपाला पाणी ओढता येत नाही. आणि पाइपचं तोंड हौदाच्या काठावर मीटरभर उंच ठेवतात! पाणी रोज मीटरभर उगाच वर चढवलं जातं.

नदीकाठ: विषय कराचा आहे, शेतकऱ्याला शिकवण्याचा नाही! नव्या पाइपचे पैसे कोण देणार?

पाणीउपसा: तोंड खाली आणायला पाइप कापावा लागतो, विकत घ्यावा लागत नाही. जाळी साफ करायलाही पैसे लागत नाहीत. मोठ्या पाइपचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. हातात रोकड नसेल तर डिझेल कितीही महाग करा, तो जुन्याच पाइपवर इंजिन चालवणार.

नदीकाठ: मग हेच तर मी म्हणतोय!

गाडीतळ: तेवढं मान्य, नाइलाजाने. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवरच्या १९.९० रुपये केंद्रीय करात राज्यांशी वाटला जाणारा मूळ अबकारी कर फक्त १.४० होता, बाकी उपकर आणि अधिभार. वाढीव १० रुपये त्यातच जाणार असतील तर माझाही विरोध. पण आधी पाइप आणि फूट व्हॉल्व्हला अनुदान द्या, मग कारवाल्याकडून पूर्ण वसूल करा. त्याला सूट मागू नका.

नदीकाठ: कारवाल्यासाठी मी कधी मागितली? पंपावर नोझल एकच आहे, तिथे इंजिनाचा कॅन आणि कारची टाकी वेगळी कशी करणार ते सांगा.