गुलमर्ग: अफरवटवर मुख्य बोलच्या बाहेर स्कीइंग आणि हिमस्खलनाचा धोका

घसारा_पुणे:
नमस्कार. गेल्या हिवाळ्यात मी गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. येत्या फेब्रुवारीत आम्ही तिघे गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवटवर, म्हणजे सुमारे 3,950 मीटरपर्यंत जाऊन मुख्य बोलच्या (वाटीसारख्या खोलगट, देखरेखीखालील उताराच्या) बाहेरच्या उतारांवर उतरण्याचा विचार करत आहोत. बर्फवृष्टी थांबून स्वच्छ ऊन पडले आणि उतारावर आधीच्या स्कीअरचे माग दिसले, की काळजीचे कारण उरत नाही, असे सोबतच्या मित्राचे म्हणणे आहे. हे कितपत खरे आहे?

हिमरेषा:
मित्राचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि घात होतो तो उरलेल्या अर्ध्यात. बर्फ पडत असताना आणि त्यानंतरच्या 24 तासांत धोका सर्वाधिक असतो हे खरे. परंतु आभाळ निवळले म्हणून आतले थर एकमेकांना घट्ट धरतातच असे नाही.

हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फावर निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री गेल्या, की जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास राहते आणि पृष्ठभाग फार थंड होतो. या फरकामुळे आतली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण साखरेसारखे सुटे होतात. त्यावर पुढे जाड, एकसंध थर बसला, म्हणजे साखरेच्या दाण्यांवर तिरकी फरशी ठेवल्यासारखी अवस्था होते. आपल्या सह्याद्रीतला घसारा पायाखालून सरकतो; इथे मात्र फरशी बहुधा आपल्या डोक्याच्या वर तडकते आणि आपण तिच्या मधोमध असतो. शिवाय वारा एक कणही नवा बर्फ न पडता, भर उन्हात, काही तासांत आडोशाच्या बाजूला असा थर रचू शकतो.

असे थर प्रामुख्याने 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. म्हणून उतारमापक जवळ ठेवा, आणि सौम्य उतारावरून जाताना वर काय लटकले आहे तेही पाहा. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, स्कीच्या टोकापासून भेगा धावल्या किंवा शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसले, तर चर्चा न करता माघारी फिरावे.

मुख्य बोलमध्ये स्की पॅट्रोल स्फोटके वापरून धोकादायक बर्फ पाडते. बाहेर ती सोय नाही. याच अफरवटवर 1 फेब्रुवारी 2023 रोजी दोन पोलिश स्कीअर दगावले. प्राथमिक अभ्यासक्रमाच्या बळावर तिकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कडेकपारी:
चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा जिल्हा आणि उंची यांनुसार येतो, तो रोज वाचा. पाच पातळ्यांपैकी तिसरी म्हणजे ‘मधली, म्हणून चालेल’ असा अर्थ कृपया काढू नका. एक शंका मात्र आहे: खड्डा खणून थर तपासले, तर निर्णय पक्का होत नाही का?

हिमरेषा:
खड्ड्यात कमकुवत थर सापडला तर माघारीला तेवढे पुरते. सापडला नाही म्हणून पुढे जाण्याची परवानगी मिळत नाही, कारण वीस पावलांवर चित्र वेगळे असू शकते. मागांचेही तसेच आहे. नऊ जण जाड भागावरून सुखरूप उतरतात आणि दहावा खडकाजवळच्या पातळ जागी भार देतो, तेव्हा सगळा थर सुटतो.

घसारा_पुणे:
मनापासून आभार. यंदा आम्ही बोलमध्येच राहू आणि बाहेर गेलोच तर स्थानिक, प्रशिक्षित मार्गदर्शकासोबतच जाऊ. तिघांत मिळून एक ट्रान्सिव्हर (गाडलेल्याचा माग काढणारे रेडिओ यंत्र), एक प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि एक फावडे पुरेल का?

कडेकपारी:
मुळीच नाही, तिन्ही वस्तू प्रत्येकाजवळ हव्यात. गाडलेल्याला काढायला हाताशी दहा-पंधरा मिनिटेच असतात आणि तेवढ्यात खालून मदत पोहोचत नाही. सगळे ट्रान्सिव्हर 457 किलोहर्ट्झवर चालत असल्याने कंपनी वेगळी असली तरी अडत नाही. मोबाइल मात्र त्यापासून दूर ठेवा, शोधताना तर निदान अर्धा मीटर. आणि गुलमर्गला पोहोचल्यावर पहिली दुपार एकमेकांच्या पिशव्या बर्फात पुरून शोधण्यात घालवा.