मदत हवी आहे : एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याबद्दल

नमस्कार मंडळी. मी चोपडा भागात एका साप्ताहिकासाठी बातम्या करते. सध्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या आजारपणावर लिहिते आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात एक आजी भेटल्या. ‘मना आंडोर सुरतले शे’ (माझा मुलगा सुरतेला आहे) म्हणाल्या आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. गोळी अर्धी तोडून घेतात, महिनाभर पुरावी म्हणून! ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर उपचार मिळतात. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्यांचं काय? सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, तिथवर आजींना नेणार कोण? मला वाटतं, खरी बातमी इथेच आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या आशाताई, नर्सताई, तुमच्या गावात बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच जातात का? कोण नेतं? आणि कार्ड काढताना कुणाच्या आईवडिलांचा अंगठा उमटला नाही, असं झालंय का? मग काम कसं झालं?

पत्रकार मित्रांना वेगळं विचारायचं आहे. विसरभोळेपणा वाढलेल्या बाबांची मुलाखत घ्यायची तर संमती कुणाची धरायची? मुलगा ‘छापा’ म्हणतो, बाबा फोटो काढताना तोंड फिरवतात. मी तूर्त फोटो बाजूला ठेवलाय.

नाव-गाव छापणार नाही. मजकूर शनिवारी द्यायचा आहे, त्याआधी कळवा.